चार हात बाजूला

नाही, बसा ना काका, पोत्यावर बसा — कॉफी वाळवायच्या शेडमध्ये खुर्ची कुठून येणार? आणि बंदूक बघून असे दचकू नका, रिकामी आहे ती. दोनदा पाहिलंय. तुम्हीच शिकवलंत ना, रिकामी आहे म्हणून कुणी सांगितलं तरी आपण स्वतः बघायचं. बघा हवं तर. नको? राहिलं.

तर आपल्या पट्टेदार आजोबांनी, घराण्याचे कर्ते ना ते, सगळ्या घराण्याला बसवलं, कॉफीवर कॉफी झाली, आणि ठरलं काय — तर नंजप्पाचा, म्हणजे तुमचा, काही दोष नाही, दोष बंदुकीचा. माणसं सोडून लोखंडाला शिक्षा. उद्या कैलपोळ्दच्या सणाला घरातल्या सगळ्या बंदुका पूजेला बसणार, नळीत कळलावीचं फूल खोचून, आणि ही तेवढी कावेरीत सोडायची. का? तर म्हणे पणजोबांपासून चालतेय, प्रत्येक भाताच्या हंगामात रानडुकरांवर चालली, गोळीनं नारळ फोडायच्या शर्यतीत चालली, नळी झिजली, गोळी भरकटते. मी विचारलं, कुणी तपासलीय का? तर पोरींनी मध्ये बोलू नये. बरं, नाही बोलले.

तपासली. आठवडाभर बार ऐकू येत होते ना तुम्हाला? ती मीच. बांधावर भाताचं पोतं ठेवून, त्यावर टेकवून — म्हणजे माझा हात हलला असं कुणी म्हणायला नको. खरं सांगू? आधी मला आनंदच झाला. काडतुसाचं टोक नळीच्या तोंडात घालून पाहिलं तर जरा जास्तच आत गेलं. झिजलीच होती. तोंडाशी नळीतले पिळाचे आटे गुळगुळीत, दस्त्याला चीर, बोल्ट खडखडतो — म्हटलं सापडली, हीच ती. मग झाडत राहिले. थंड असताना झाडली, नळीला हात लावता येईना इतकी तापवून झाडली, पावसात भिजवून झाडली. खांदा काळानिळा झालाय माझा. आणि प्रत्येक वेळी मनात म्हणायचे, भरकट गं बाई, एकदा तरी भरकट. तापली की छिद्रं पांगतात, नाही असं नाही — वीतभर. वीतभरच, काका. तुम्ही सांगितलंत चार हात. डुक्कर उंबराखाली होतं, नेम त्याच्यावर होता, आणि आमचा पेम्मय्या चार हात बाजूला, मिरीच्या वेलाशी. तेवढ्याच अंतरावरून झाडलीय मी. नाही जात ती चार हात.

कान दिसला पाहिजे, मुसकट दिसलं पाहिजे, मग बोट चापावर — मला नि पेम्मय्याला, आम्हा भावाबहिणीला हे कुणी शिकवलं? तुम्हाला कान दिसला होता? डुक्कर तरी होतं का तिथं? झुडूप हललं, एवढंच ना?

बोलू नका, राहू द्या. एक सांगते, हे आईनं कुणाला सांगितलेलं नाही. पेम्मय्या गेला त्या संध्याकाळी ती तांदळाच्या अक्कीओट्टी भाजत होती. शेजारच्या सुनेचे दिवस भरले होते. मळ्यातून एक बार आला — एकच. माणूस गेला तर आपल्यात लागोपाठ दोन काढतात, मुलगा झाला तर एक; हा एकच. तर ती हसून म्हणाली, पूवी, मुलगा झाला गं त्यांच्याकडे. आता रोज दिवेलागणीला तेच म्हणते. तसंच हसून. मग इथं या शेडच्या दाराशी येऊन हिला शिव्या घालते. मी आतून कडी लावून घेते. मला ऐकवत नाही, आणि ही काय उत्तर देणार तिला?

मला पोलीस नकोत, बैठक नको, आजोबा तर मुळीच नकोत. तुम्ही फक्त आईला सांगा. माणसाला माफ करायचं की नाही ते ती ठरवेल, नळीला कसं करणार? अंगणातच आहे, मिरी निवडत बसलीय.

उठलात? बरं झालं. मी येते बरोबर, हवं तर. नको, एकटेच जा.

काका, अंगण इकडे आहे.

काका — ते फाटक रस्त्याकडे जातं.