हवेतला हात

— हा इथे कसा, असंच म्हणालात ना? नाही, बोलू नका, फेस तोंडात जाईल. मान सरळ ठेवा, मी सांगतो. आरशावर चिकटवलाय तो टकल्या. मी नाव नाही ठेवलं हो, सगळा वर्गच त्याला टकल्या म्हणतो. आमची बारकी शिकते ना कॉम्प्युटरवर पात्रं हलवायला, तिथे प्रत्येकाला हा एकच बाहुला देतात. ना केस, ना भुवया, ना मिशी. आणि म्हणतात, याला चालवा, बसवा, हसवा, रडवा. आता नशीब बघा! बाप न्हावी, आणि पोरीच्या वाट्याला टकला. तिची आई इतकी हसली त्या दिवशी की गॅसवरचं दूध उतू गेलं. मी म्हटलं, हसू नका, एक दिवस माझी पोरगी या टकल्याचीसुद्धा दाढी करून दाखवेल. गमतीत बोलून गेलो. तिथेच माती खाल्ली मी.

गाल जरा इकडे. हां, असा. तर लोकांना काय, बोलायला काही लागत नाही. शेजारचा औषधवाला तोंडावर म्हणाला, मुलगी कार्टून काढते म्हणे? मी म्हटलं, काढते, तुझं काही बिघडलं? अहो, कार्टून म्हणजे काय गंमत वाटली का! पहिले कित्येक दिवस तर नुसता चेंडू. चेंडू पडतो, उसळतो, पडतो, उसळतो, थांबतो. मी म्हटलं, अगं, एवढ्यासाठी रोज धावतपळत बस पकडतेस? तर म्हणाली, बाबा, हा रबराचा की लोखंडाचा, सांगा बघून. मी म्हटलं, लोखंडाचा. तर उड्याच मारायला लागली पोरगी. मग आलं चालणं. त्या चालण्यापायी घर डोक्यावर घेतलं तिने — स्वतः चालायची, आईला चालवायची, मला चालवायची — बाबा, पुन्हा, आधी टाच टेकते का बोटं? मला काय ठाऊक! उभा जन्म या खुर्चीभोवती फिरण्यात गेला, टाच का बोट कोण बघत बसलंय? तिचा टकल्या आधी नुसता घसरायचा, पाय मागे आणि धड पुढे. सरांनी परत पाठवलं. मग चालला, पण काठी गिळल्यासारखा. परत पाठवलं. रडली, जेवली नाही, पुन्हा बसली. आणि मग एक दिवस तो चालला हो — असा चालला की तिची आई भाजी निवडता निवडता म्हणाली, अगं बाई, हा कुठेतरी निघालाय. त्या कामाला सरांनी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या. खोटं कशाला बोलू, सर चांगलं शिकवतात. आवाज जरा चढा आहे, पण शिकवतात.

ओठ आत घ्या. काय म्हणालात? नका म्हटलं ना बोलू.

हा वस्तरा बघा. समोर तो नवा आलाय, काचेच्या दारवाला, तो फसाफस फवारा मारतो आणि मशीन फिरवतो. दाढी म्हणायची का त्याला? पण रांग लागते. लागू दे. माझी गिऱ्हाइकं माझी आहेत. पोस्टातले मास्तर आता तिकडे जातात, पण ते पाय दुखतात म्हणून — माझ्या पायऱ्या चढवत नाहीत त्यांना. दोनच पायऱ्या आहेत, पण नाही चढवत एखाद्याला. जाऊ दे, मी काय सांगत होतो?

हां. शेवटचं काम. दोन माणसं, आणि एक माणूस दुसऱ्याचं काहीतरी करतोय, असं दाखवायचं. कुणी दात काढणारा डॉक्टर घेतला, कुणी कुस्ती घेतली. आमच्या बारकीने घेतली दाढी! एक टकल्या खुर्चीत, दुसरा टकल्या वस्तरा घेऊन उभा. आता त्यांची पद्धत अशी की मनाने काही करायचं नाही. आधी खऱ्या माणसाचं शूटिंग करायचं, मग ते एकेक चित्र थांबवून बघायचं, सेकंदाला चोवीस चित्रं, आणि तसंच्या तसं बाहुल्यात उतरवायचं. तिने मोबाईल इथे ठेवला, या फळीवर, पावडरच्या डब्याला टेकून. तिच्या मामाला बसवलं या खुर्चीत. मी नवा शर्ट घातला, केस विंचरले. तर म्हणाली, बाबा, तुमचं तोंड नकोय, फक्त हात हवेत. घ्या!

मग घरी बसली ते बघत. मागे-पुढे, मागे-पुढे. मी चहा पीत होतो. मला म्हणाली, बाबा, इकडे या ना जरा. बघतो तर पडद्यावर माझा हात. वस्तरा धरलेला. आणि हलतोय. म्हणजे — थरथरतोय. मी म्हटलं, मोबाईल हलला असेल. ती म्हणाली, मग मामा का नाही हलत? मी म्हटलं, थंडी होती. म्हणाली, पंखा लावला होता बाबा. मी म्हटलं, मग पंख्याने. आणि उठलो तिथून, चहा तसाच टाकून.

काही झालेलं नाही माझ्या हाताला. असे डोळे मोठे करू नका, सांगतोय ना. हवेत असताना जरा थरथरतो. जरासा. पण गालाला करंगळी टेकली रे टेकली की थांबतो. गपकन थांबतो. डॉक्टरीण म्हणाली, गोळ्या घ्या. घेतल्या. झोप येते त्यांनी. झोपेत दाढ्या करू का लोकांच्या? बंद केल्या. आणि बारकीने काय पकडलं सांगू का? तेच! हवेत थरथर, टेकला की शांत. ते जसंच्या तसं टकल्याच्या हातात उतरवलं पोरीने. मी चोरून बघितलं, ती आंघोळीला गेली तेव्हा. तो दुसरा टकल्या वस्तरा उचलतो, हात हलतोय, मला वाटलं आता काही खरं नाही खुर्चीतल्याचं — आणि मग करंगळी टेकते. आणि सगळं शांत होतं. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. माझी ती करंगळी! बापजन्मात कुणी तिच्याकडे बघितलं नव्हतं. मी स्वतः नाही बघितलं.

आणि सर काय म्हणतात? ते पडद्यावर लाल रंगाने गोल काढतात, चुकीच्या जागी, आणि वरून आपल्या आवाजात बोलून पाठवतात. आधी ती कानाला लावून ऐकायची, पण मध्ये वायर तुटली, तेव्हापासून सगळ्या घराला ऐकू येतं. माझ्या हाताभोवती लाल गोल! आणि परवा म्हणे, 'हा हात थरथरतोय. ही निष्काळजी चूक आहे, मागेही सांगितलं होतं. रेघ साफ कर, नाहीतर हे काम प्रदर्शनात जाणार नाही.' बाहुल्याचा हात हलला की पडद्यावर खाली त्या हलण्याची रेघ उमटते, ती गुळगुळीत हवी असते त्यांना. असेल, नियम असेल, मी नाही म्हणत नाही. दहा पोरांच्या हातून तसं चुकून होत असेल. पण निष्काळजी? डोळे सुजले तिचे त्या रेघेपायी! आणि प्रदर्शन उद्याच. मोठमोठ्या स्टुडिओतली माणसं येणार, त्यातूनच कुणाला काम मिळालं तर मिळायचं. पोरगी वर्षभर त्या एका दिवसाकडे डोळे लावून बसलेली.

मी म्हटलं, अगं, एकदाची घासून पुसून टाक ना ती थरथर, काय जातं? म्हणाली, थरथर काढली तर थांबणं कुणाला दिसणार, बाबा? मी म्हटलं, मग सांग ना सरांना, की ही चूक नाही, हात असाच आहे. तर म्हणाली, कुणाचा हात म्हणून सांगू? वर्गातली निम्मी पोरं तुमच्याकडे केस कापतात.

समजलं का तुम्हाला? माझं दुकान चालावं म्हणून ती मुलगी मूग गिळून बसलीये! प्रदर्शनातून नाव गेलं तरी चालेल, निष्काळजी म्हटलं तरी चालेल, पण बापाचा हात थरथरतो हे गावभर होता कामा नये. आणि मी बाप! मी पांघरूण ओढून झोपलो. म्हटलं, बघू सकाळी. सकाळ झाली, दुपार झाली, आणि तुम्ही आलात.

हनुवटी वर. अजून वर.

तुम्ही आत आलात, या खुर्चीत बसलात आणि आरशाकडे बघून म्हणालात, हा इथे कसा. तेव्हाच ओळखला मी आवाज. चेहरा नव्हता पाहिला, पण आवाज? घरात रोज येतो तो, सर. जेवताना येतो. उद्या प्रदर्शन, पाहुणे येणार, म्हणून दाढी करून घ्यायला आलात, क्लासच्या जवळ म्हणून इथे आलात, आणि कुणाच्या दुकानात आलात ते ठाऊक नव्हतं तुम्हाला. नाही, उठू नका. घाबरू नका हो! मी काय गुंड आहे? फेस पुसायला घेऊ नका, एक गाल झालाय, दुसरा बाकी आहे. एका गालाने जाणार का उद्या पाहुण्यांसमोर?

मी वाद घालणार नाही. तुम्ही शिकलेले, तुमच्या धंद्यात तुमचा शब्द. मी फक्त दाखवणार. आरशात बघा. माझ्या तोंडाकडे नको, तोंडात काही नाही. हाताकडे बघा. आता हवेत आहे. थरथरतोय — दिसतंय? बघा नीट, लपवत नाही मी. डॉक्टरीण सोडली तर आज पहिल्यांदा कुणाला तरी आपणहून दाखवतोय, तिच्या आईलासुद्धा नाही दाखवला. आता करंगळी टेकतो, कानाखाली. थांबला. थांबला की नाही? म्हणा ना! बरं, मानेने सांगू नका, हलू नका. हे असं असतं, सर. हे बघितलं पोरीने. ही चूक आहे? आता या वस्तऱ्याखाली सांगा मला, ही चूक आहे? असं एका दमात खाली यायचं, गालावरून, जबड्यावरून, आता गळ्यापाशी जरा कातडी ताणून —

हलू नका. हलू नका म्हटलं ना!

...

नाही. तुम्ही नाही हललात.

थांबा. कापूस. हा घ्या, दाबून धरा. खोल नाही, नुसतं चाटून गेलंय, थांबेल आत्ता. टेकलेली होती हो करंगळी. टेकलेलीच होती, तुम्ही बघितलीत. दाबा, जोरात दाबा. असं होत नाही. म्हणजे — झालंय. मास्तरांना झालं होतं, पोस्टातल्या. पायांचं काही नव्हतं त्यांच्या. आणि तिच्या मामाला झालं, त्याच दिवशी, मोबाईल चालू असताना. तो काही बोलला नाही, कॉलर वर केली आणि गेला. पण शूटिंगमध्ये आहे ते. तिने बघितलं असणार. एकेक चित्र थांबवून बघितलं असणार पोरीने. आणि टकल्याच्या गळ्याला मात्र काही लागू दिलं नाही. सगळं जसंच्या तसं उतरवलं आणि तेवढं एक गाळलं. तिच्या कामात चूक असलीच तर ती आहे, सर, आणि तिथे तुमचा लाल गोल नाही.

नको, माझ्याकडे असं बघू नका. मला कीव नकोय कुणाची. कापलं ते माझ्या हाताने, तिच्या नाही. तिचा हात पक्का आहे. वर्गात सांगायचं असेल तर सांगा, खुशाल सांगा, अख्ख्या गल्लीला सांगा कुणाचा हात आहे ते. पण त्याच तोंडाने तिचं काम लावा उद्या. थरथरीसकट लावा.

उठा आता. टॉवेल राहू द्या गळ्याशी. उरलेला गाल समोरच्या काचवाल्याकडे करून घ्या, हसत करेल तो. मी शटर ओढतोय. नाही, काही बोलायचं नाहीये मला. जा म्हटलं ना, सर. जा.