एक्सेलमधली चालण्याची ओळ

फ्रान्सच्या सायकल सहलीचं विचारताय ना? तिचं प्लॅनिंग सिंगापुरात, आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये झालं. मी आणि ऑफिसातला माझा मित्र मंदार, दोघांनी बसून एक्सेल बनवलं. एका दिवसात नव्वद किलोमीटर, ताशी वीस, म्हणजे साडेचार तास. तिथं समुद्राकाठी दर रविवारी आम्ही त्याच वेगानं एकामागे एक जायचो, त्यामुळे शंकाच नव्हती.

तेव्हा बाबा भोरहून आले होते. प्राथमिक शिक्षक, बावीस वर्षं सायकलनं घाटातून शाळेत गेलेले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"डोंगराळ भाग म्हणतोस, मग यात चालायचं कुठं?"

"बाबा, सायकल ट्रिप आहे. चालायचं कशाला?"

"चढाला उतरून सायकल हातात धरायची. मी आणि जाधव गुरुजी रोज अर्धा तास असे चालायचो. आमचं सगळं बोलणं तिथंच व्हायचं. सपाटीला कोण बोलतंय?"

मंदारनं हसत, त्यांचं मन राखायला, 'चालणे : दहा मिनिटं' अशी ओळ टाकली.

तिकडे पहिल्याच टेकडीवर आम्ही धापा टाकत उतरलो. चालता चालता दोन द्राक्षमळे मागे पडले, तेव्हा मंदार म्हणाला, "अरे, मी पुण्याला परत चाललोय. कायमचा. ठरवून दोन महिने झाले, तुला सांगणं होतच नव्हतं."

मुक्कामी पोचल्यावर बाबांना फोन केला.

"किती झालं रे?"

"पस्तीसच किलोमीटर."

"ते नाही. चालणं किती झालं?"