चटणीशेजारचा बर्फ

नंदुरबारला डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर दोघी बसल्या होत्या. ममताचे वडील आत होते, धनुबाईंचे यजमानही आत. दोघांनाही पाणी बेतानंच चालतं. तहान लागली की बर्फ चोखायचा.

"मावशी, जमला का काचेसारखा बर्फ?"

"पहिले धवळाच झाया. तू सांगं तसा थर्माकोलना खोकामा डबा ठेवा, पन वर झाकन ठी दिधं."

"उघडा ठेवा म्हटलं होतं ना? थंडी वरूनच लागायला हवी."

"उघडं पानी कोन ठेवस, माय? हात आपोआप झाकन ठेवस."

"मग?"

"मंग दुसरा दिन मी उघडा ठेवा. वरना थर आरसासारखा झाया, खालना धवळा मी फोडी टाका. पन तेसनी तोंडमा टाका अन् म्हने, घोटभर पानी भेटस, ते बी तिखट?"

"तिखट कसा?"

"फ्रीजरमा वरीसभरनी चटनी भरेल व्हती ना. सारा वास उघडा पानीले लागी गया."

"काढली मग चटणी?"

"गल्लीमा घरोघर दी टाकी. आते बर्फ इतला साफ व्हस, काल तुना काका इचारेत, रिकामी वाटी काबर दिधी?"

"आणि तुमची भाजी, मावशी? तिखटाशिवाय उतरते घशाखाली?"

"तेसनं फिकं तेच मन्हं. पन तेसले सांगू नको. मी चोरीसन तिखट खाई लेस असं समजीसन काका रोज भांडतस."

"सांगून टाका की खरं."

"नको, माय. भांडतस तवर माले भ्याव वाटस नही."