पाडव्याच्या शोभायात्रेचा परवाना

हॅलो?… हं, बोल विनया… नाही, घरी नाहीये. सेक्टर सतरात आहे. कचेरीत, परवान्याच्या खिडकीपुढे, रांगेत… कशाला म्हणजे? आपल्या शोभायात्रेचा परवाना रद्द करायला.

हो. बरोबर ऐकलंस. रद्द.

अगं ऐक ना… हो, हो, परवाच पाडवा आहे, माझ्याकडेही कॅलेंडर आहे… पोरांनी दोन महिने लेझीम घोटलंय तेही माहीत आहे, माझ्याच गच्चीवर घोटलंय. खालच्या ढिल्लों आंटी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत… ऐकशील का? सकाळी सात वाजता तुझ्या त्या अंशुमनने ग्रुपवर पोस्टर टाकलं. बघितलंस?…

छान? काय छान आहे त्यात? वर दोन सिंह, मध्ये तलवार, तलवारीखाली 'वज्रतेज वाहिनी की विराट राष्ट्र-यात्रा'. त्याखाली पाच पुढारी, नुसते गाल. आणि एकदम तळाशी, छापणाऱ्याच्या मोबाइल नंबरच्याही खाली, 'सहयोग, महाराष्ट्र मंडल'. मी चष्मा लावून गुढी शोधली. कुठेच नाही. पाडव्याच्या शोभायात्रेच्या पोस्टरवर गुढी नाही, आणि तुला छान वाटलं.

नाव तर आलं ना? हो, आलं. नाव तर बिलावरही येतं.

नाही, चिडलेली नाहीये मी. चिडले असते तर सकाळीच तुझ्या एयरोसिटीला येऊन त्याच्या दाराची बेल वाजवली असती. शेजारी तुझा, संक्रांतीला तिळगूळ घ्यायला मंडळात तू घेऊन आलीस… बरं, बरं, नाही काढत.

'हज़ारों की संख्या में पहुँचें.' वाचलंस ना? आपला परवाना किती जणांचा आहे? साठ. साठ माणसं, दोन ढोल, एक गुढी, सकाळी आठ ते दहा. अकरा वर्षं आपण 'पुढच्या वर्षी रस्त्यावर' म्हणत हॉलमध्ये पंख्याखाली लेझीम खेळलो. यंदा कुठे मी अर्ज केला, रस्ता मिळाला. आणि आता आयत्या बिळावर नागोबा. तोही एक नाही, पाचशे.

एक मिनिट… हाँ जी, लाइन यही है। आप मेरे पीछे… हं, बोल.

हो, यांच्या मोर्चांवर बंदी घाला म्हणणारी मीच. अजूनही म्हणते… कुणी चालूच नये असं कधी म्हटलं मी? चाला ना. सुखना लेकला रोज पहाटे अर्धं शहर चालतं, मी कधी अडवलंय? यांना प्रशासनाने सांगितलं, सेक्टर पंचवीसच्या मैदानावर जा. केवढं मैदान आहे ते. तिथे करा की गर्जना, घसा बसेपर्यंत करा. पण नाही. मोकळ्या मैदानात यांची देशभक्ती पाच मिनिटांत दमते. तिला कुणाचं तरी दार लागतं. आत कुणीतरी घाबरलेलं लागतं. त्याशिवाय मजाच येत नाही.

शंभर वेळा सांगितलंय? मग एकशे एकाव्यांदा ऐक, कारण तू विसरलेली दिसतेस. गेल्या वर्षी मी बशीरभाईंच्या दुकानात होते. आईची पैठणी रफूला दिलेली, काठाजवळ विरली होती. तेवढ्यात यांचा मोर्चा आला. ढोल नव्हते, भोंगे होते. बशीरभाईंनी न बोलता शटर खाली ओढलं, आतून कडी घातली आणि मला स्टूल दिलं. चाळीस मिनिटं, विनया. बाहेर शटरवर काठ्या. 'वापस जाओ.' वापस कुठे? माणूस बावीस वर्षं याच मार्केटमध्ये बसून अख्ख्या शहराची भोकं बुजवतोय. तुझ्या नवऱ्याचा, प्रसन्नचा, युनिफॉर्मचा कोट कुणी शिवून दिला होता, मेसमध्ये खिळ्याला अडकून फाटला तेव्हा? शोधून तरी सापडली का जागा?…

बशीरभाई हीटरवर चहा करत होते. साखर कपात कमी, जमिनीवरच जास्त. आणि मी, निवृत्त शिक्षिका, तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेली, पैठणी मांडीवर घेऊन गप्प बसले होते. त्याचा राग यांच्यावर आहे तेवढाच माझ्यावर आहे. मग मंडळात दर महिन्याला मी तावातावाने बोलते. बोलायला काय, शटर नसतं तिथे.

आणि आपला मार्ग कुठून जातो? त्याच मार्केटवरून. मीच निवडला. फूटपाथ रुंद आहे, आंब्याची सावली आहे, पोरांना ऊन लागणार नाही म्हणून. बशीरभाईंनी पोरांना कहवा पाजायचा म्हणून मोठं पातेलं मागवून ठेवलंय, वेडा माणूस. त्यांच्यापुढे परवा कोण येऊन उभं राहणार? पुढे आपली नेत्रा, पोरांची म्होरकी, लेझीम घेऊन, मागे तेच काठीवाले. आणि परवाना माझ्या सहीचा.

नाही, हे अती नाही. त्यांना वेगळा परवाना मिळत नाही, म्हणून आपल्या शेपटीला लोंबकळायचं. एवढी साधी गोष्ट आहे… 'सांस्कृतिक'? कोण म्हणालं? अंशुमन. त्याला संस्कृती म्हणजे काय वाटतं, सिंहाचं स्टिकर? माझ्यासमोर गुढीला 'वो लोटे वाला डंडा' म्हणाला होता तो.

हसू नकोस. मी पण हसले होते तेव्हा.

थांब, नंबर आला माझा… नमस्ते जी। इंद्रायणी, महाराष्ट्र मंडल। रविवार की शोभायात्रा… जी, आवेदक मैं ही हूँ। कैंसल करानी है… हाँ जी, पक्का… फाइल काढतायत. सरदारजी आहेत, भले दिसतात. डबा अर्धा सोडून उठले बिचारे… तू आहेस ना लाइनवर?…

येऊ नकोस. तू निघून इथे पोहोचेपर्यंत खिडकी बंद होईल… का यायचंय पण तुला?… काय बोलायचंय समोर? फोनवर बोल.

जी?… कौन सा पत्र?… नहीं, मैंने तो एक ही अर्ज़ी दी थी… दिखाइए।

…

विनया.

हा काय कागद आहे?

नाही, तू सांग. माझ्या हातात आहे तो, आपल्या मंडळाच्या लेटरहेडवर. मागच्या सोमवारची तारीख. 'सहयोगी संस्था के रूप में वज्रतेज वाहिनी को सम्मिलित किया जाए.' खाली सहसचिव. तुझी सही. तो ओढून लांबवलेला 'या', तिळगुळाच्या आमंत्रणावर करतेस तसाच.

…

बोल ना.

मला वाटत होतं ते आपोआप मागे येऊन चिकटलेत. तू दार उघडून पाट मांडून दिलास त्यांना… सोमवारी. आणि मंगळवारी माझ्या गच्चीवर बसून पोह्यांवर खोबरं भुरभुरत होतीस. 'ताई, यंदा किती मस्त होणार ना.' ताई म्हणू नकोस आता. काम असलं की ताई, एरवी इंद्रायणी.

रडू नकोस… कारण सांग. त्याने धमकी दिली?… प्रसन्नच्या बदलीचं काही?… मग?…

काय?

साठ माणसं फार कमी दिसतील?

… म्हणजे कुणाला? कुणाला कमी दिसतील, विनया?… पुण्यातल्या वहिनीला. व्हिडिओमध्ये… हो, तिथे हजार हजार ढोल असतात, बुलेटवर नऊवाऱ्या असतात, माहीत आहे. आणि आपण इथे साठ, त्यात वीस पोरं, त्यातली निम्मी 'आंटी, पहले राइट पैर?' विचारणारी. म्हणून तू पाचशे भाड्याने आणलेस. भाडंही न देता.

अगं, पण तू गणवेशातल्या माणसाची बायको. तो कुठल्या पक्षाच्या सभेत चहा प्यायला तरी जाऊ शकतो का? आणि तू असल्या टोळीबरोबर कागदावर सही करतेस. वाचलं तरी होतंस का?… अंशुमनने टाइप करून आणलं, तू सही केलीस. वा. पोस्टमनच्या वहीवर सुद्धा माणूस बघून सही करतो.

…

काय म्हणालीस?

परत सांग.

मी? मी शिकवलं त्याला?… कधी?… संक्रांतीला? हॉलमध्ये?…

…

हो. आठवलं.

तो रडगाणं गात होता, मैदानावर ढकललं, परमिशन देत नाहीत… आणि माझ्या हातात चहा होता… हो, मीच म्हणाले. 'अक्ल नहीं है तुम लोगों में। आगे दो ढोल रखो, चार औरतें नऊवारी में, शोभायात्रा बोल दो। हमारी चौथे दिन पास हो गई।' आणि सगळे हसले… तो नाही हसला?… मोबाइलमध्ये लिहून घेत होता.

तू बघितलंस, आणि मला आत्ता सांगतेस.

नाही, तुझं बरोबर आहे. मी तर माणसाकडे बघितलंच नव्हतं. मी वाक्याकडे बघत होते, कसं जमलं म्हणून. मूर्ख आहेत, मूर्ख आहेत म्हणत जामदारखान्याच्या किल्ल्या काढून हातात दिल्या. आपण हसे लोकांना आणि शेंबूड आपल्या नाकाला. तीस वर्षं मुलांच्या वह्यांत लाल शाईने लिहीत आले, नीट विचार करून लिहा.

हाँ जी, सुन रही हूँ… बस इतना बताइए, मंडल का परमिट गया तो इनका भी गया ना?… अपने आप?… ठीक है… ऐकलंस? आपला गेला की त्यांचा आपोआप गेला. मग मैदान, सिंह, गाल, सगळं सेक्टर पंचवीसला.

आता एक फॉर्म दिलाय… नाव, तारीख, मार्ग, आणि 'निरस्त करने का कारण'. दोन ओळी.

खरं लिहू?… 'परवान्याचा गैरवापर.' लिहिते ना. सकाळपासून तेच लिहायला आले होते. अंशुमनचं नाव, वाहिनीचं नाव, गेल्या वर्षीचं शटर, सगळं… माहीत आहे. मग हा कागद पोलिसांकडे जाणार, सोबत तुझं पत्रही जाणार, आणि प्रसन्नला कुणीतरी बोलावून विचारणार, तुमच्या पत्नींचा या संघटनेशी काय संबंध. माहीत आहे मला. म्हणून तर पेन हातात धरून उभी आहे.

पावसाचं कारण? बाहेर ऊन कसलं पडलंय… माझी तब्येत? माझ्या तब्येतीला काय झालंय? यांच्यासाठी खोटं आजारपण घेणार नाही मी. यांच्यासाठी साधी शिंक सुद्धा देणार नाही.

दो मिनट, भाईसाहब। लिख रही हूँ।

…

नेत्राला मी सांगेन. तू काही सांगू नकोस, तू रडशील आणि ती वेगळंच समजेल. रविवारी आठ वाजता आमच्या सेक्टरच्या पार्कात या सगळे. गोल फिरू. झोपाळ्यांभोवती, त्या ओपन जिमच्या भोवती, साठच्या साठ. बागेत चालायला परवाना लागत नाही. लेझीम माझ्या बेडच्या बॉक्समध्ये आहेत, लवकर येऊन काढायला मदत कर… हो, तू पण ये. नाही येणार म्हटलंस तर मात्र कायमचं बोलणं बंद.

माफ? ते बघू. आज नाही. आज माझ्याकडे शिल्लक नाही, होतं ते मला स्वतःलाच लागतंय.

आणि इथून आधी बशीरभाईंकडे जाणार आहे. सांगायला, की पातेलं परत करू नका, पण पोरं काही दुकानावरून जाणार नाहीत. का ते विचारतील… सांगेन. त्यांना तरी सगळं सांगेन. गेल्या वर्षी त्यांच्या चहात साखर कमी होती म्हणून मी तोंड केलं होतं.

हं… झालं लिहून.

काय लिहिलं? 'आवेदक की ग़लती.'… नाही, तुझं नाव नाही कुठे. आवेदक मी आहे… एवढंच. दोन ओळी होत्या, अर्धीच भरली.

जी?… कौन सी ग़लती? लंबी है, भाईसाहब। आप मोहर लगाइए…

बंदी? हो, विनया, अजूनही म्हणते बंदी हवी. पहिली माझ्यावर लागली, एवढंच… थांब, बोलू नकोस…

ऐकलास आवाज? शिक्का होता तो. ठेवते.