पुल्किनेनसाहेब कागदावर बसले

नाही, पण मला सांगा, लांबून आलेल्या पाहुण्याला सौनात, आमच्या त्या वाफेच्या न्हाणीघरात, नाही न्यायचं तर कुठे न्यायचं? लायब्ररीत? आणि वर माझी मेव्हणी हेल्का माझ्यावरच डाफरते, "भावजी, तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती, गरम पाण्याचा विषय काढू नका!" अहो, विषय मी काढलाच नाही! मी फक्त माणसाला गरम पाण्याजवळ नेलं... असो. शाईला मात्र मी एक शब्द बोलणार नाही!

कारण तुम्हाला सांगतो, त्या शाईतून वीज वाहते! वीज! कागदावर रेघ छापायची, या टोकाला बॅटरी, त्या टोकाला दिवा, की पेटला! बाकीचे लोक यासाठी शाईत चांदीची पूड घालतात, प्लास्टिकवर छापतात आणि मग तो कचरा नातवंडांच्या गळ्यात. आमची हेल्का काय घालते? बर्चच्या झाडाचा कोळसा, लाकडाच्या लगद्यातून काढलेला डिंक आणि पाणी. संपलं! वास नाही, डोळ्यांची आग नाही, फेकलं की माती! माझं सगळं आयुष्य टी-शर्टांवर हॉकीच्या संघांची नावं छापण्यात गेलेलं, पहिला दिवा लागला तेव्हा मी बायकोला फोनवर नुसता ओरडत होतो, "मार्केत्ता, पेटला! पेटला!" तिनं अग्निशमन दल पाठवलं.

खोट एकच. थंडीत, बर्फात, ओलीत ही शाई ठणठणीत, पण गरम पाणी दिसलं की... पळाली!

आणि गिऱ्हाईक कोण? तर पुल्किनेनसाहेब, मासळीवाले. त्यांच्या प्रत्येक क्रेटवर आमचं सर्किट छापायचं, वाटेत मासळीला ऊब लागली तर ते फोनकडे चुगली करणार. ऑर्डर मिळाली तर आमचा छापखाना राहिला, नाहीतर यंत्र विकायचं आणि मी परत टी-शर्टांवर! हेल्कानं बिचारीनं जीव तोडून सगळं समजावलं. कोळसा, डिंक, झाडं, पृथ्वी... पुल्किनेन म्हणाले, "हं." तिनं दिवा लावून दाखवला. "हं." कॉफी दिली, पाव दिला. "हं." आता फिनलंडातल्या आमच्या सगळ्या ओउलू शहरात बडबडा असा मी एकटाच, मला काही ते सोसवेना. म्हटलं, "साहेब, सौना तापलाय." तर काय सांगू, तो चेहरा पहिल्यांदा उघडला! त्यांच्या पाठीमागून हेल्का दोन्ही हातांनी नको-नको करतेय, आगगाडी थांबवावी तशी. पण आता नाही कसं म्हणणार?

बरं, सौनाची रीत काय? फळीवर उघडं बसायचं नाही. दाराजवळच्या गठ्ठ्यातला एक कागद घ्यायचा, फळीवर टाकायचा, त्यावर बसायचं. तसा मी घेतला, त्यांनी घेतला, बसलो. आता मला काय ठाऊक, शाई सुकवायची भट्टी बंद पडली म्हणून हेल्कानं सकाळीच ताजे छापलेले कागद सौनात सुकवले होते आणि गठ्ठा करून तिथेच दाराजवळ ठेवले होते? मंद उजेड, आम्ही दोघे चष्म्याशिवाय... तरी शाईला मी एक शब्द बोलणार नाही!

दगडांवर पाणी टाकलं, फस्सकन वाफ, घामाच्या धारा. साहेब गप्प. मी गप्प, म्हणजे बघा! मग ते अंग धुवायला उठले, पाठमोरे झाले... आणि जिथे माणूस बसतो ना, तिथे, अहो, अख्खं सर्किट! वेटोळी, बारीक रेघा, टोकाचे ठिपके, एक रेघ तुटलेली नाही! इतकी सुबक छपाई मला यंत्रावर कधी जमली नव्हती, क्षणभर ऊर भरून आला!

पण सांगायचं कसं? आमच्याकडे माणसाला नवीन टोपी छान दिसते म्हणायलाही लोक वर्ष घेतात!

"साहेब..."

"हं?"

"तुम्हाला आमची शाई लागलीय."

"कुठे?"

आता कुठे म्हणजे... मी निमूट वळलो आणि माझी दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली. मग गरम पाण्याची बादली उचलली, ओतली. काळा ओघळ मोरीत.

"गेली?"

"गेली."

"सगळी?"

म्हणजे मला वाकून, जवळून... "सगळी, साहेब."

ते परत येऊन बसले. मी मनातल्या मनात टी-शर्टांच्या घड्या घालायला लागलो. आणि मग तो माणूस बोलला. चक्क बोलला! "आमच्या क्रेट रोज गरम पाण्यानं धुतात. आताची लेबलं निघत नाहीत. बायका सुरीनं खरवडतात, बोटं कापून घेतात. मला निघणारं पाहिजे. बाईंनी हे का नाही सांगितलं?"

मी टॉवेलवर तसाच बर्फात धावलो! "हेल्का! गेली! सगळी गेली!" ती मटकन पायरीवर बसून रडायलाच लागली. "अगं, ऑर्डर नाही, शाई! शाई गेली!"

"मग ऑर्डर राहील होय, भावजी?"

"गेली म्हणूनच राहिली!"

आता तुम्ही म्हणाल, झालं की चांगलं, कुरकुर कसली? अहो, करारात साहेबांनी एक कलम घातलंय. शाईच्या प्रत्येक घाण्याची आधी चाचणी, आणि चाचणी त्यांनी डोळ्यांनी पाहिली तशीच. मी हेल्काला म्हटलं, क्रेटवर छाप आणि धू ना बाई! तर म्हणते, "पद्धत बदलली की निकाल बदलतो, भावजी. आणि तुमची छपाई सुबक उठते." शाईला मी एक शब्द बोलणार नाही, पण आता यंत्र हेल्का चालवते, आणि परवा शेजारणीनं मार्केत्ताला विचारलं, "काय गं, राइमो हल्ली छापखान्यात नक्की करतो काय?"

मार्केत्ता म्हणाली, "बसतो."