बोटं मोजली, नाकही दाबलं

…आणि वर ही पोरगी मलाच विचारते, "आजी, बोटं मोजली होतीस का?" मोजली होती की! बोटं मोजली, नाक दाबलं, भिंतीवरचं कॅलेंडर दोनदा वाचलं, आणखी काय करायचं असतं माणसानं? तिनं सांगितलं तस्संच सगळं केलं आणि तरी फसले! तुम्हाला सांगते, आपण झोपेत आहोत की जागे हे समजायच्या ज्या काही युक्त्या आहेत ना, त्या कुणीतरी चोवीस तास लाइट असलेल्या गावात बसून काढल्यात. आमच्या आगाशीत त्या काय कामाच्या? मग सांगा, ओळखायचं कसं?

थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर म्हणाल, म्हातारी सुटली.

माझी थोरली जाऊ, जयवंती. भिंतीला भिंत लागून घर, पण पंधरा वर्षं झाली, एक शब्द बोललेलो नाही. का? तर सुकेळी! आमच्या वाडीतली राजेळी केळी सोलायची, उन्हात वाळवायची, रोज उलटी करायची, रोज झाकायची, तेव्हा कुठे ती मधासारखी होतात. हे सगळं कोण करायचं? मी. आणि विरारला बायकांच्या मंडळाचं प्रदर्शन लागलं तेव्हा टोपली घेऊन उन्हात कोण बसलं? मीच. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. जयवंतीनं टोपलीपुढे एक पाटी ठेवली नि म्हणाली, "तुझं नाव घातलंय हो नर्मदे, बस तू निवांत." बसले! दिवसभर त्या पाटीच्या मागे नवरीसारखी मिरवत बसले! संध्याकाळी पहिला नंबर पुकारला… जयवंतीबाई! आणि ही उठली, पदर सारखा केला, गेली, शाल-नारळ घेऊन आली. मी नंबर पुकारणाऱ्या बाईंना म्हटलं, "अहो बाई, सुकेळी माझ्या हातची आहेत." तर ही सगळ्यांसमोर हसली. "पाटी वाचा की! हिला नाही येत वाचायला, तुम्हाला तर येतं ना?" सगळा मांडव हसला हो. अख्खा मांडव!

पन्नाशी ओलांडली होती मी. दुसऱ्या दिवसापासून वाचायला शिकले. कुणी शिकवलं? रागानं शिकवलं! वाण्याच्या पुडीचे कागद, एसटीच्या पाट्या, दुकानांची नावं, जे दिसेल ते. पहिला शब्द कुठला लागला माहितीये? 'जयवंती'. कारण ती पाटी मी उचलून घरी आणली होती. त्या चार अक्षरांवर मी बाराखडी घोटली. पण तिला उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच. थोरली पडली ना! थोरल्या जावेला 'अहो जाऊबाई' म्हणायचं, खाली मान घालून. तोंडातली शिवीसुद्धा आमच्यात पदर घेऊन बाहेर पडते.

मग ती यायला लागली स्वप्नात. दुपारी मी जरा आडवी झाले की हजर! पाटीमागे बसून हसते. मी उत्तर द्यायला तोंड उघडते तर तोंड उघडेचना, जसं काही कुणी अख्खं केळं कोंबलंय. उठते ती घामानं निथळत. म्हणजे बघा, जागेपणी मान म्हणून बोलायचं नाही आणि झोपेत जीभ हलत नाही! मग बाईनं बोलायचं तरी कधी?

माझी नात नेत्रा वसईला कॉलेजात मानसशास्त्र शिकते. तिला सांगितलं, तर म्हणते, "आजी, सोप्पं आहे! स्वप्नात असताना हे स्वप्न आहे असं कळलं ना, की मग आपण आत काहीही करू शकतो."

"काहीही?"

"काहीही."

"कुणाच्या झिंज्या धरता येतात?"

"आजी!"

"तू शिकव गं. झिंज्यांचं मी बघते."

तर म्हणे दिवसभर सवय लावायची. जागेपणी सारखं तपासायचं, म्हणजे झोपेतही हात आपोआप तपासतो. बोटं मोजायची, स्वप्नात सहा नाहीतर सात भरतात. नाक दाबायचं, तरी श्वास आला तर स्वप्न. लिहिलेलं दोनदा वाचायचं, स्वप्नात अक्षरं बदलतात. आणि बटण दाबायचं, दिवा लागला नाही तर स्वप्न. मी म्हटलं, "बये, मग आगाशी गेली दोन-तीन वर्षं स्वप्नातच आहे! लोडशेडिंग काय असतं ते तुझ्या पुस्तकवाल्याला माहीत आहे का?" मग म्हणाली, "आपल्याकडे उलटं धर आजी. भरदुपारी पंखा फिरला, की समज स्वप्न."

लागले कामाला. उठता बोटं, बसता बोटं. बाजारात भागूबाई मासळीची पाटी घेऊन बसते, तिच्यासमोर मोजत उभी होते, तर म्हणते, "हात काय बगतेस गो आजी? आता काय लिवलेलं रायलंय त्यात?" मी लक्ष दिलं नाही. बोटं झाली की नाक, या शिस्तीनं तिच्या पाटीपुढेच दाबलं नाक! अहो, ती बाई अशी उसळली! "माज्या मावऱ्यावर नाक धरतेस? सकालचं मावरं हाय! पान्यातून आनलंय नि तुज्या नाकाला वास येतोय?" आता तिला काय सांगू, की बाई, तुझी मासळी ताजी आहे, मी जागी आहे का तेवढं बघतेय? शेजारच्या दोन बायकाही माझ्या अंगावर, गिऱ्हाईक गोळा… आणि मी मधे उभी राहून दुकानाची पाटी दोनदा वाचतेय! म्हटलं होऊ दे शोभा. जयवंतीच्या झिंज्यांसाठी एवढंही नाही सोसायचं?

आणि मग ती दुपार आली.

जेवून झोपाळ्यावर टेकले होते, डोळा लागत होता. दारात काठी वाजली. बघते तर जयवंती! पंधरा वर्षांत उंबरा न ओलांडलेली जयवंती! आणि त्याच क्षणी डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. भरदुपारी! अंगणातला नळ, जो सकाळी पोरासारखा मुततो नि दिवसभर कोरडा असतो, तो धो धो वाहायला लागला. आणि जयवंती काय म्हणाली? "नर्मदे, बरी आहेस ना गं?" गोड आवाजात! आता तुम्हीच सांगा… आगाशीत दुपारची लाइट, दुपारचं पाणी, आणि जयवंती गोड! ओळखायचं कसं म्हणून विचारता? आणखी काय ओळखायचं राहिलं होतं?

तरी मी तपासलं. बोटं मोजली, पाच भरली. म्हटलं फसवतेय मेली. नाक दाबलं… श्वास आला! मस्त आला! कॅलेंडर वाचलं, परत वाचलं, अक्षरं लडबडत होती, एका ओळीत थांबेनात. झालं! म्हटलं जयवंते, आज सापडलीस.

उठले. तोंड उघडलं, तर उघडलं की हो! केळं नाही, काही नाही, जीभ नुसती सुरी! ती म्हणते, "ऐक ना, मी आले होते ते…"

"गप्प बस गं!"

गं! तुम्हाला सांगते, थोरल्या जावेला 'गं' म्हणताना जे सुख झालं ना, ते लग्नात झालं नाही. मग काय, सोडलं सगळं. "अगं जयवंते, नऊ वार लुगडं नेसून वीतभर मन तुझं! हात माझे पोळले नि शाल तू पांघरलीस! तुझ्या हातची सुकेळी ना, कावळ्यानं उचलली तर कावळा वाडी सोडून जाईल! मला वाचता येत नाही म्हणून हसलीस? आता येतं वाचता! तुझ्या तोंडावर काय लिहिलंय तेही येतं, चोर लिहिलंय, चोर!" ती मधेच म्हणायची, "अगं पण मी तेच…", मी पुन्हा "गप्प!" पाटी, मांडव, माझ्या लग्नात शेजारी बसून तिनं माझ्या ताटातली खाल्लेली करंजी, सगळं काढलं. आणि झिंज्या? हात पुढे केला, पण बिचारीच्या डोक्यावर धरण्याजोगं उरलं नव्हतं काही. म्हणून नळाखालची भरलेली बादली उचलली आणि ओतली तिच्या डोक्यावर. अख्खी!

ती किंचाळली. नेत्रा धावत आली.

"आजी! काय केलंस हे!"

"काय म्हणजे? स्वप्न आहे ना!"

"कसलं स्वप्न! आज लोडशेडिंगची वेळ बदललीय, सकाळीच सांगितलं नव्हतं का? पाण्याची पण!"

"अगं पण नाक दाबलं, श्वास आला!"

"तोंड मिटलं होतंस?"

…तोंड? तोंड मिटायचं असतं? हे आधी नको सांगायला?

"आणि कॅलेंडर कसं वाचलंस? चष्मा तर आत टेबलावर आहे!"

जयवंती उभी. पदरातून पाणी गळतंय, कुंकू नाकावर आलंय. शांतपणे म्हणाली, "माफी मागायला आले होते मी. चार दिवस वाक्यं जुळवत होते. म्हटलं मरायच्या आधी सगळ्या बायकांना बोलावून सांगावं, सुकेळी नर्मदेची होती."

सगळ्या बायकांना बोलावून! तुम्हाला सांगते, माझ्या हातातली बादली गळून पडली. मी टॉवेल आणला, पाट मांडला, म्हटलं, "जाऊबाई, बसा हो, डोकं पुसा… काय म्हणत होतात? बोला की. बायकांना मी बोलावते. आत्ता बोलावते!"

"आता नाही."

"अहो, अर्धी तरी मागा!"

"नाही. तू चोर म्हणालीस, बादली ओतलीस, मला गं म्हणालीस. फिटलं आपलं."

नेत्रा कळवळून म्हणाली, "मोठ्या आजी, तिला वाटलं ती स्वप्नात आहे हो."

जयवंतीनं काठी उचलली. उंबऱ्यावर थांबली नि म्हणाली, "हो? मग माफी पण तिथेच घे म्हणावं." आणि गेली. ओली गच्च, पण मान अशी ताठ, जशी काही पुन्हा शाल घेऊन चाललीय!

आणि शब्दाची पक्की हो बाई. येते. रोज दुपारी येते! आता हसत नाही. पदर पसरते, रडते, भागूबाईपासून सगळ्या बाजाराला गोळा करून सांगते, "नर्मदे, चुकले गं, सुकेळी तुझीच!" ऐकताना कान असे तृप्त होतात… आणि तिथेच सगळी माती होते. बोटं मोजावी लागत नाहीत, नाक दाबावं लागत नाही, तोंड उघडं असो की मिटलेलं. जयवंती माफी मागतेय ना? मग ओळखायचं कसं काय विचारता… झोपलेय मी!