अश्दोद बंदरातलं माझं भाषण

संवादकौशल्य म्हणे! इस्रायलमधल्या हैफाच्या आमच्या कंपनीने मला त्याचा दोन दिवसांचा कोर्स करायला लावला होता. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना माणसांशी बोलता येत नाही, असं त्यांचं मत. तिथे शिकवलं काय, तर डोळ्यांत बघून बोला आणि सतत हसत राहा.

पुढच्याच आठवड्यात मला अश्दोद बंदरात पाठवलं. कंटेनर शोधायचा आमचा प्रोग्राम तिथल्या कामगारांना पटला नाही, तर करार रद्द होणार होता. मी तासभर हिब्रूत सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क सगळं समजावलं, तेही हसत हसत. समोरचे तीस जण मख्ख.

शेवटी मागून बिन्यामीनकाका उठले. आमच्याच मराठी ज्यू समाजातले, मूळचे अलिबागचे, बंदरात मुकादम. ते मराठीत म्हणाले, "काय रे बाबा, एवढा हसतोस कशाला? काही बिघडलंय काय?"

"नाही, काका."

"मग सरळ सांग. कंटेनर कुठे ठेवलाय ते हा तुझा कॉम्प्युटरचा डबा दाखवणार काय?"

"दाखवणार."

"आणि चुकला तर?"

"तर मला फोन करा."

काका वळले आणि हिब्रूत म्हणाले, "हा डबा कंटेनर शोधून देतो. चुकला तर या पोराला शिव्या घाला."

सगळे खूश! करार पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी सगळा किस्सा ऐकून मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता पगारवाढ. तो म्हणाला, "त्या मुकादमांना विचार ना, आपल्याकडे नोकरी करतील का?"